चिनी मातीच्या ताटलीवर मॅडोना उतरवताय? या चुका टाळा

बिघडलेली ताटली घेऊन कुणी आलं की मी आधी एकच विचारते: डेकल, म्हणजे भिजवून ताटलीवर चिकटवलेलं छापील चित्र, वाळायला किती वेळ दिला? उत्तर बहुतेक वेळा ‘तीन-चार तास’ असंच येतं.

एका नाताळाला माझ्याकडे चित्रकार राफाएलच्या ‘सिस्टिन मॅडोना’च्या, म्हणजे बाळ येशूला घेतलेल्या मेरीच्या चित्राच्या, सहा ताटल्यांची ऑर्डर होती. शिकायला येणाऱ्या मुलाने संध्याकाळी डेकल चिकटवले, पंख्याखाली ठेवले, हाताला कोरडे लागले म्हणून रात्रीच भट्टी लावली. सकाळी पाहिलं तर बाळाच्या गालावर मोहरीएवढं भोक. डेकलखाली कोंडलेल्या पाण्याची वाफ झाली आणि रंग फोडून बाहेर पडली. सहापैकी चार गेल्या. भाजलेला रंग झिलईत मुरतो, खरवडून निघत नाही. त्या मुलावर रागावले, पण घाई त्याला मीच करू दिली होती.

तेव्हापासून रबरी पट्टी मधून कडेकडे ओढायची, सुती फडक्याने टिपायचं, ताटली उजेडात तिरकी धरून बुडबुडे शोधायचे आणि पूर्ण एक दिवस तिला हात लावायचा नाही. सोलापूरचं ऊन कितीही कडक असो, उन्हात ठेवत नाही. वरचा थर आधी आखडतो आणि पाणी खालीच राहतं. डेकल भिजवायला बोअरचं पाणीही नको. त्याच्या क्षाराचा डाग चित्राखाली राहतो. आरओचं घ्या.

दुसरी चूक चित्र निवडतानाच होते. लिओनार्दोचं ‘अखेरचं भोजन’ सुमारे ८८० सेंटिमीटर रुंद. ते दहा इंची गोल ताटलीत बसवलं की चेहरे शेंगदाण्याएवढे होतात. मोठे करायला कडा कापल्या, तर डावीकडचा बर्थलमय आणि उजवीकडचा शिमोन जातात. येशूच्या बारा शिष्यांतले दोन कापून टाकणं मला पटत नाही. त्यासाठी लांबट थाळ घ्या. गोल ताटलीच हवी असेल तर राफाएलचीच ‘मॅडोना देल्ला सेज्जोला’ घ्या. फ्लॉरेन्सच्या पित्ती राजवाड्यातलं हे चित्र मुळातच गोल आहे. आईचा वाकलेला खांदा, बाळाचं कोपर, सगळं त्या वर्तुळाला धरून काढलंय.

बाकीच्या चुका थोडक्यात. चिकटवण्याआधी ताटली स्पिरिटने पुसा, बोटांचं तेल राहू देऊ नका. सुरुवातीला भट्टीचं झाकण थोडं उघडं ठेवा, डेकलच्या थराचा धूर निघून जाऊ दे. ८०० अंशांच्या आसपास भाजून झालं की १०० च्या खाली येईपर्यंत उघडू नका, ताटली तडकते. सोनेरी काठाला तारेची घासणी नको, मायक्रोवेव्ह तर नाहीच. झिलईवरच्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून या ताटल्या भिंतीवर किंवा शोकेसमध्येच ठेवा. लिंबू-चिंचेचं तर त्यांत मुळीच वाढू नका.