घरात लहान मूल असताना शिवणकाम कसं चालू ठेवावं

मूल झालं की घरातली शिलाई मशीन हळूहळू कपडे ठेवायचं टेबल होते. आधी वाळलेल्या दुपट्यांची चळत, मग औषधाच्या बाटल्या, मग खेळणी. 'जरा मोठं होऊ दे' म्हणता म्हणता तीन-चार वर्षं निघून जातात आणि मशीनचा पट्टा वाळून तडकतो. सलग दोन तास मिळाले की बसू, हा हिशेबच मुळात चुकीचा. पाच वर्षांखालचं मूल असलेल्या घरात सलग दोन तास मिळत नाहीत. मिळतात ती वीस मिनिटं, आणि तीही कधी मोडतील याचा नेम नाही. तेव्हा काम कुठं कुठं थांबवता येईल हे आधी ठरवायचं आणि मगच कात्री लावायची.

आधी सुरक्षितता, कारण यात चूक परवडत नाही

पायाची मशीन असेल तर सगळ्यात मोठा धोका सुईचा नाही, खालच्या मोठ्या चाकाचा आणि पट्ट्याचा आहे. रांगणारं मूल पायडलवर हात टेकतं, पायडल हलतं, चाक फिरतं आणि दुसऱ्या हाताची बोटं पट्टा आणि चाकाच्या मधे जातात. उठताना दर वेळी पट्टा मोठ्या चाकावरून खाली उतरवून ठेवा. परत चढवायला अर्धं मिनिट लागतं. मोटारीची मशीन असेल तर नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग काढून वायर वर गुंडाळा. पायाखालचं स्विच मुलांना खेळणंच वाटतं.

टाचण्या मोजून वापरा. डबीत वीस ठेवल्या तर उठताना वीस परत आल्या पाहिजेत. रंगीत मण्याच्या टाचण्या घ्या, शहाबादी फरशीवर साधी टाचणी दिसतच नाही. हातशिलाईची सुई एका वेळी एकच बाहेर काढायची. मशीनची सुई तुटली तर दोन्ही तुकडे सापडेपर्यंत मुलाला खोलीत येऊ देऊ नका. जुन्या स्पीकरचा मोठा लोहचुंबक दोरीला बांधून फरशीवरून फिरवला की तुकडा पटकन चिकटतो. खेळण्यातले छोटे, जोरकस चुंबक मात्र घरात नकोतच. असे दोन चुंबक पोटात गेले तर आतड्याला पीळ पडतो, भोक पडतं.

एवढं करूनही मुलानं टाचणी किंवा बटण गिळल्याची शंका आली, तर केळं भरवणं, उलटी काढणं हे घरगुती उपाय करू नका. पोटात जाताना लागलं नाही ते वर येताना लागू शकतं. काही खायला न देता थेट दवाखाना. गाडी नसेल तर १०८. मशीनच्या तेलाचंही तसंच. ते पातळ असतं, उलटी होताना फुफ्फुसात जाऊ शकतं, म्हणून उलटी काढायची नाही आणि तेलाची बाटली कायम उंच फळीवर.

इस्त्री बंद केल्यावरही अर्धा तास तापलेली असते. ती खाली ठेवून उठायचं नाही आणि वायर लोंबती सोडायची नाही.

कामाचे तीन ढीग

शिवणकाम म्हणजे एकच काम नव्हे. त्यात कापणी आहे, मशीनची टीप आहे, हाताचं काम आहे, आणि प्रत्येकाला दिवसातली वेगळी वेळ लागते.

कापणीला मोकळी जमीन आणि शांत डोकं लागतं. मूल जागं असताना कापणी करूच नका. एक तर ते पसरलेल्या कापडावर येऊन बसतं, दुसरं म्हणजे कात्री जमिनीवर असते. आणि चुकलेली टीप उसवता येते, चुकलेलं कापड जोडता येत नाही. मूल अंगणवाडीत गेल्यावरची वेळ किंवा रात्री ते झोपल्यावरची वेळ कापणीसाठी राखा.

मशीनची टीप दहा-पंधरा मिनिटांच्या तुकड्यात होते. अडचण आवाजाची. फरशीवर मशीनचे पाय थेट टेकले की आख्ख्या खोलीला हादरा बसतो आणि शेजारच्या खोलीतल्या झोळीतलं पोर जागं होतं. चारी पायांखाली जाड रबराचे तुकडे किंवा चौघडी केलेलं पोतं घाला, वरून सतरंजी. मशीन भिंतीला टेकवू नका. आवाज निम्म्यानं कमी होईल असं नाही, पण हादरा जातो, आणि बाळ उठतं ते बहुधा हादऱ्यानंच.

तुरपाई, हुक, बटण, काज ही हाताची कामं मूल आजूबाजूला असताना होतात, पण ते मांडीवर असताना नाही. खुर्चीवर बसून करा, जमिनीवर नको.

घरात आजी, सासूबाई किंवा नवरा असेल तर 'जरा बघा हं' असं मोघम सांगू नका. त्याचा अर्थ प्रत्येक जण आपापल्या सोयीनं लावतो. 'सात ते साडेसात बाळ तुमच्याकडे, मी कापणीला बसतेय' असं स्पष्ट सांगितलं की तो अर्धा तास खरंच मिळतो.

एक काम, एक पिशवी

वीस मिनिटांतली दहा मिनिटं दोरा शोधण्यात जातात, बहुतेकांचं घोडं इथंच अडतं. उपाय साधा आहे. प्रत्येक कामाची एक कापडी पिशवी करा. तिच्यात कापलेले तुकडे, त्याच रंगाचं रीळ, भरलेल्या दोन बॉबिन (खालच्या दोऱ्याच्या फिरक्या), इलॅस्टिक किंवा बटणं, आणि पुढची पायरी लिहिलेली चिठ्ठी. 'डावा पाय झाला, उजव्याची आतली टीप बाकी' इतकं नेमकं लिहा. चार दिवसांनी पिशवी उघडली तर नुसते तुकडे बघून काही आठवत नाही. प्रत्येक तुकड्याच्या उलट्या बाजूला खडूनं फुली करा. पॉपलीनसारख्या कापडाची सुलट-उलट ट्यूबलाइटमधे कळत नाही.

एका वेळी दोनच पिशव्या चालू ठेवा: एक मशीनची, एक हातकामाची. तिसरी उघडली की तिन्ही पडून राहतात.

खरेदीही याच बेतानं. साताऱ्यात मोती चौक-खण आळी असो की सांगलीची कापड पेठ, कडेवर मूल घेऊन रंग जुळवत उभं राहणं शक्य नसतं. कापडाचा बोटभर तुकडा यादीच्या कागदाला टाचून न्या आणि दोरा, इलॅस्टिक, अस्तर एकाच फेरीत घ्या. मुलांच्या कपड्यांना कटपीस पुरतं, उगीच पाच मीटर फाडून आणू नका.

उदाहरण: तीन वर्षांच्या मुलाचा पायजमा, पाच बैठकांत

सुरुवातीला फ्रॉक घेऊ नका. गळा, बाह्या, पट्टी, चेन यातली कुठलीही पायरी अर्धी सोडली की कापड ताणतं. पायजम्याला चारच शिवणी आणि प्रत्येक शिवणीनंतर थांबता येतं.

माप सरासरीचं धरू: कंबर २० इंच, सीट २२ इंच, पायजम्याची उंची २२ इंच. प्रत्येक मूल वेगळं, तेव्हा टेप लावाच. ४४ इंच पन्ह्याचं (रुंदीचं) सुती कापड ८० सेंमी पुरतं. ३६ पन्हा घेतला तर दोन्ही पाय शेजारी शेजारी बसणं अवघड जातं.

पहिली बैठक, दहा मिनिटं. कापड रात्री साध्या पाण्यात भिजत टाका, सकाळी न पिळता वाळत घाला. ही पायरी टाळली तर पहिल्याच धुण्यात पायजमा घोट्याच्या वर जातो. साताऱ्याच्या जुलैत कापड दोन-दोन दिवस दमट राहतं. पंख्याखाली पूर्ण वाळवून, इस्त्री करूनच कापा; दमट कापड कापताना सरकतं आणि वाळल्यावर माप बदलतं.

दुसरी बैठक, अर्धा तास. अंगाला नीट बसणारा जुना पायजमा घ्या. एक पाय दुसऱ्यात सारून सपाट करा, वर्तमानपत्रावर ठेवा आणि कडेनं पेन्सिल फिरवा. इलॅस्टिकच्या चुण्या ताणून धरायला विसरू नका, नाहीतर कंबर अरुंद येते. बाजूला शिवण नको, म्हणून पुढचा आणि मागचा भाग वेगवेगळा आखून त्यांचे कागद बाहेरच्या सरळ कडेला जोडा. शिवणीला अर्धा इंच माया (शिवणीबाहेरचं जादा कापड), वर नेफ्यासाठी (इलॅस्टिक ओवायच्या दुमडीसाठी) दीड इंच, खाली मोहरीला (पायाच्या खालच्या तोंडाला) एक इंच. मागचा भाग पुढच्यापेक्षा कमरेला एक इंच उंच आणि आसनाच्या (दोन्ही पाय जुळतात तिथल्या) टोकाला एक इंच जास्त हवा. तो तसा नसेल तर मूल उकिडवं बसलं की पायजमा मागून खाली ओढला जातो. दोन्ही पाय कापताना कापडाच्या सुलट बाजू एकमेकींवर हव्यात. हे विसरलं की दोन डावे पाय तयार होतात आणि कापड वाया जातं. नक्षीला दिशा असेल, हत्ती-घोडे असतील, तर त्यांची डोकी कुठं आहेत तेही बघून घ्या.

तिसरी बैठक, पंधरा मिनिटं. दोन्ही पायांच्या आतल्या शिवणी. चौदा नंबरची सुई, मध्यम टाका. एक पाय झाल्यावर मूल उठलं तर खुशाल उठा.

चौथी बैठक, पंधरा मिनिटं. एक पाय सुलट करून दुसऱ्या उलट्या पायात घाला, आतल्या शिवणी एकमेकींवर आणा, तिथं टाचणी लावा आणि आसनाची टीप एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मारा. मग तिच्याच शेजारी दुसरी टीप. मुलांचे पायजमे फाटतात ते इथंच, आणि एकेरी टीप हेच त्याचं कारण. कडा सुटू नयेत म्हणून जवळच्या पिको-फॉलच्या दुकानात इंटरलॉक करून घ्या. घरी तो खटाटोप करण्यात वेळ घालवू नका.

पाचवी बैठक, वीस-पंचवीस मिनिटं. नेफ्याची कड पाव इंच दुमडा, मग सव्वा इंच दुमडून टीप मारा, मागच्या बाजूला दोन इंच जागा उघडी ठेवा. पाऊण इंच रुंदीचं इलॅस्टिक कमरेपेक्षा दोन इंच कमी, म्हणजे १८, अधिक जोडाचा एक इंच. एका टोकाला सेफ्टीपिन लावून ओवा. दुसरं टोक आधीच कापडाला टाचून ठेवा, नाहीतर ते आत ओढलं जातं आणि पुन्हा पहिल्यापासून ओवावं लागतं. पीळ पडला नाही ना हे बोटानं चाचपून मगच जोडा. मागच्या बाजूला फितीचा एक तुकडा शिवून टाका. तीन वर्षांचं मूल स्वतः पायजमा चढवायला लागतं, तेव्हा पुढं-मागं त्याला त्यावरून कळतं.

मोहरी हातानं तुरपा, आणि आत एक इंच जादा दुमडून ठेवायला कापड असेल तर उत्तम, पुढच्या वर्षी सोडता येतं.

मशीन अचानक बिघडली असं वाटलं तर

कापडाखाली दोऱ्याचं जाळं झालं की लोक बॉबिन केसला दोष देतात. बहुतेक वेळा दोष वरच्या दोऱ्याचा असतो. फूट (कापड दाबून धरणारा पाय) खाली असताना दोरा ओवला तर तो टेन्शनच्या, म्हणजे दोरा ताणून धरणाऱ्या, चकत्यांमधे नीट बसत नाही. फूट वर करा, दोरा पूर्ण काढून नव्यानं ओवा. आणि लहान मूल असलेल्या घरात आणखी एक शक्यता: टेन्शनचा स्क्रू कोणीतरी फिरवलेला असतो. चमकणारा, बोटात मावणारा, फिरणारा. मुलांना याहून काय हवं? नीट टीप येते त्या जागी स्क्रूवर आणि मशीनवर नेलपॉलिशचा एकेक ठिपका द्या. ठिपके जुळवले की काम झालं. दर बैठकीत आधी चिंधीवर चार बोटं टीप मारून बघायची सवय असली की खरं कापड खराब होत नाही.

उठताना सुई वर, फूट खाली आणि फुटाखाली चिंधी. तेल दिल्यानंतरही चिंधीवरच टीप मारा, पहिल्या दोन हात लांब टिपेत तेल उतरतंच.

हातकामाला वाकळ

हातकामाच्या पिशवीत काय ठेवावं? आमच्या मते वाकळ, म्हणजे गोधडी. सातारा-सांगलीकडं घरोघरी जुनी सुती लुगडी असतात. त्यांचे चार थर, ३६ बाय ३६ इंच, इतकी लहान वाकळ पुरे. आधी थर मोठ्या कच्च्या टाक्यांनी एकत्र बांधा, नाहीतर मधला थर गोळा होतो. मग कडेपासून आत चौकोनात धावदोरा घालत जायचा, ओळींत पाऊण इंच अंतर. दोरा हातभर घेऊ नका, दीड वीत घ्या. लांब दोऱ्याला गाठी पडतात. कुठल्याही टाक्यावर थांबता येतं, हे तिचं खरं सुख. पण थांबताना सुई वाकळीत टोचून ठेवायची नाही, कारण मूल सगळ्यात आधी तिच्यावरच येऊन लोळतं. सुई दोऱ्यातून काढा, डबीत टाका. एक वर्षाखालच्या बाळाला वाकळ अंगाखाली घाला, झोपेत अंगावर नको, तोंडावर आली तर त्याला बाजूला सारता येत नाही.

मूल चार वर्षांचं झालं की त्यालाही काम द्या. रिळं रंगानुसार लावणं, चिंध्यांतून लाल तेवढ्या निवडणं, जाळीच्या कापडावर प्लॅस्टिकच्या बोथट सुईनं लोकर ओवणं. दोन वर्षांच्या मुलाकडून ही अपेक्षा ठेवू नका. त्याला रिकामी रिळं आणि झाकणाचा डबा दिला तर दहा मिनिटं निघतात, क्वचित पंधरा.

शेजारणींची कामं

मशीनचा आवाज गल्लीत गेला की 'एवढा फॉल लावून दे', 'ब्लाउज जरा आत घे' सुरू होतं. दिवाळी आणि शाळेच्या गॅदरिंगच्या आधी तर रांगच. पैसे घेऊन करायचं असेल तर तारीख नेहमीच्या दुप्पट लांबची द्या, कारण मूल आजारी पडलं की आठवडा जातो. हौस म्हणूनच ठेवायची असेल तर पहिल्याच कामाला नाही म्हणा. तिसऱ्या-चौथ्या कामानंतर म्हटलेलं नाही लोकांना लागतं. मोबदल्याशिवाय घेतलेल्या ब्लाउजपायी स्वतःच्या मुलाचा पायजमा पिशवीतच राहतो, आणि तोवर तो त्याला आखूड झालेला असतो.