फ्लोटवर सेव्ह केलेला दगड

जमीन मोजणीच्या कामाला लागलो तेव्हा सिव्हिलचा डिप्लोमा होता, टोटल स्टेशन (कोन आणि अंतर मोजायचं यंत्र) हाताळता येत होतं. जीपीएस रोव्हर, म्हणजे पोलवरचा फिरता रिसीव्हर: पोल धरायचा, तो सरळ आहे हे दाखवणारा बबल मध्ये आणायचा, बटण दाबायचं, इतकीच समज. पहिल्याच महिन्यात आंब्याखालच्या बांधाच्या दगडाचं रीडिंग घेतलं. स्क्रीनवर 'फ्लोट' होतं. ऊन डोक्यावर आलेलं, दिलं सेव्ह करून. दुसऱ्या दिवशी तोच दगड 40 सेंटिमीटर सरकलेला. रात्रीत दगड कसा सरकेल?

त्या दिवशी साहेबांनी पहिल्यांदा नीट समजावलं. रिसीव्हर अंतर मोजत नाही, वेळ मोजतो. जीपीएसचा उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवर. सिग्नल खाली यायला सेकंदाचा साधारण चौदावा-पंधरावा भाग लागतो. त्याला प्रकाशाच्या वेगाने गुणलं की अंतर. पण उपग्रहात अणुघड्याळ आणि आपल्या रोव्हरमध्ये साधं क्वार्ट्झ. ते एक मायक्रोसेकंद चुकलं तर अंतर 300 मीटरने चुकतं. म्हणून त्या अंतराला 'स्यूडोरेंज' म्हणतात, आणि म्हणूनच तीनऐवजी चार उपग्रह लागतात: चौथा घड्याळाची चूक काढायला. इंटरव्ह्यूत हे हमखास विचारतात.

यातून मिळते मीटरची अचूकता. बांधावरून भाऊ-भाऊ भांडत असताना मीटर काय कामाचा?

सेंटिमीटर हवा तर सिग्नलच्या लहरीच मोजाव्या लागतात. जीपीएसच्या एल-वन या सिग्नलची लहर 19 सेंटिमीटरची. तिचा अपुरा तुकडा रिसीव्हर मिलिमीटरपर्यंत सांगतो, पण मध्ये पूर्ण लहरी किती हे त्याला ठाऊक नसतं. जुन्या मोजणीदारांच्या भाषेत, शेवटच्या साखळीच्या कड्या अचूक मोजल्या, पण आधी किती साखळ्या पडल्या तेच विसरलो. बेसच्या, म्हणजे माहीत असलेल्या जागी ठेवलेल्या दुसऱ्या रिसीव्हरच्या, डेटाच्या मदतीने हा पूर्ण लहरींचा आकडा पूर्णांकात बसला की 'फिक्स'; बसेपर्यंत 'फ्लोट'. झाडाखाली सिग्नल तुटतो आणि हा हिशोब पुन्हा पहिल्यापासून.

फिक्सवरही आंधळा विश्वास नको. पत्र्याच्या शेडजवळ सिग्नल आपटून येतो आणि कधीकधी खोटा फिक्स लागतो. मी महत्त्वाचा पॉइंट दोनदा घेतो: एकदा घेतला की रोव्हर पुन्हा इनिशियलाइज करून (लहरींचा हिशोब नव्याने करायला लावून), जमलं तर तासाभराने. तोवर उपग्रहांची जागा बदललेली असते. आणि आंब्याखालच्या दगडाशी झटापट करत बसत नाही. उघड्यावर दोन पॉइंट फिक्समध्ये घेतो, तिथून टोटल स्टेशनने दगडाची जागा मोजतो.