डिजिटल अ‍ॅम्प्लिफायरवर एलपी लावण्याआधी

घरातल्या जुन्या एलपी नव्या डिजिटल अ‍ॅम्प्लिफायरवर किंवा वाय-फाय स्पीकरवर ऐकायच्या असतील, तर सगळ्यात आधी टर्नटेबलपाशी बसा. अशा अ‍ॅम्प्लिफायरच्या आत आवाजाचे आकडे होतात म्हणून रेकॉर्डचा गोडवा जातो, हे मला पटत नाही. पण आकडे होण्याआधीच सिग्नल बिघडला, तर पुढे कितीही सेटिंग्ज चाळा, गेलेलं परत येत नाही.

म्हणून आधी फोनो प्रीअ‍ॅम्प, म्हणजे रेकॉर्डचा क्षीण सिग्नल अ‍ॅम्प्लिफायरजोगा करणारा भाग, कुठे आहे ते शोधा. मूव्हिंग मॅग्नेट प्रकारच्या कार्ट्रिजमधून, म्हणजे सुई बसवलेल्या छोट्या डबीतून, जेमतेम 3 ते 5 मिलिव्होल्ट निघतात. सीडी प्लेअर 2 व्होल्टच्या आसपास देतो. शिवाय एलपी कापतानाच खर्ज दाबलेला आणि वरचे स्वर उचललेले असतात, 20 हर्ट्झपाशी सुमारे 20 डेसिबल खाली आणि 20 किलोहर्ट्झपाशी जवळजवळ तितकेच वर. हे प्रमाण 1954 साली ठरलं, त्याला आरआयएए म्हणतात. ते उलटं फिरवून आवाज पूर्ववत करणं आणि वाढवणं, ही दोन्ही कामं प्रीअ‍ॅम्पची. टर्नटेबलच्या मागे ‘फोनो’ आणि ‘लाइन’ असं बटण दिसलं तर तो आतच बसवलेला आहे. अ‍ॅम्प्लिफायरला ‘फोनो’ इनपुट असेल तर तिथेही आहे. वापरायचा एकच. एकही नसला तर तबला पत्र्यावर वाजवल्यासारखा वाटतो. दोन्ही लागले तर आवाज फाटतो. वाय-फाय स्पीकरला बहुधा फक्त लाइन इनपुट असतं, तेव्हा तिथे बटण ‘लाइन’वर ठेवा. अर्थची बारीक वायर स्क्रूला घट्ट आवळा, नाहीतर सतत घूं ऐकू येईल.

इनपुटची पातळी ठरवताना रेकॉर्डमधला सगळ्यात जोरकस भाग लावा. द्रुत तराण्याचा शेवट त्यासाठी उत्तम. तिथे पातळी दाखवणारा काटा शून्याच्या 6 डेसिबल खाली राहायला हवा, कारण शून्याच्या वर गेलेली लाट सपाट छाटली जाते आणि ती चरचर कानाला टोचते.

टर्नटेबल अमेरिकेतून आणलेलं असेल तर वेग तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. तिकडची वीज 60 हर्ट्झची, आपली 50ची. जुन्या बेल्टच्या यंत्रांची मोटर विजेच्या तालावर फिरते, त्यामुळे 33⅓ फेऱ्यांऐवजी सुमारे 27.8 पडतात आणि पांढरी पाचचं गाणं पांढरी तीनच्याही किंचित खाली उतरतं. 110 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावून यात काहीच बदलत नाही, तो व्होल्टेज बदलतो, हर्ट्झ नाही. पुलीच बदलावी लागते.

सुईचा भार कार्ट्रिजच्या कागदावर लिहिलेला असतो, बऱ्याच कार्ट्रिजना 2 ग्रॅमच्या आसपास. छोटा वजनकाटा घ्या, अंदाजावर राहू नका. कमी भाराने सुई उड्या मारते आणि त्यानेही खाचा खराब होतात. टर्नटेबल आणि स्पीकर एकाच टेबलावर नकोत. रेकॉर्ड वाकडी असेल तर सबसॉनिक फिल्टर, म्हणजे ऐकू न येणारी अतिखर्ज थरथर गाळणारं बटण, चालू करा. स्पीकरचं बेस वाढवणारं सेटिंग मात्र बंद.

78 फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्यांना एलपीची सुई चालत नाही, त्यांची खाच रुंद असते, सुमारे 76 मायक्रॉनची वेगळी सुई लागते. आणि त्या स्पिरिटने किंवा आयसोप्रोपिलने कधीही पुसू नका. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, तबकडी कायमची जाते. एलपीला कोरडा कार्बन ब्रश पुरे, दर वेळी लावण्याआधी.

ब्लूटूथवर आवाज आवळून पाठवला जातो, तेव्हा वायर ओढता येत असेल तर ओढाच. ऐकता ऐकता जपून ठेवायचंही असेल, तर 24 बिट, 96 किलोहर्ट्झवर फ्लॅक (आवाजातलं काही न गमावता साठवणारी) फाइल करा, एका बाजूची एक, आणि खरखर काढणारं सॉफ्टवेअर फिरवायचं ते त्या फाइलच्या प्रतीवर.