कॉलनीचं मैदान: आधी नकाशात शोधा, मग जमिनीवर राखा

नव्या लेआउटमध्ये प्लॉट बघायला आलेला माणूस ठरलेले तीन प्रश्न विचारतो. एनए झालंय का, रस्ता किती फुटी आणि पाणी कुठपर्यंत आलंय. मैदान कुठे धरलंय, हे विचारणारं गिऱ्हाईक मला क्वचितच भेटलं. बेळगावात लेआउटचे नकाशे काढण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. आधी ट्रेसिंग पेपर आणि शाईचं पेन, पुढे कॉम्प्युटर. मैदान हातचं जातं ते बहुतेक वेळा पोरं खेळायला लागल्यावर नाही, पहिला प्लॉट विकायच्या आधीच. म्हणून खटपट कागदापासून सुरू करायची.

पहिल्यांदा मंजूर नकाशा मिळवा. एजंटच्या हातातला रंगीत कागद नव्हे. बुडाचा (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाचा) शिक्का, मंजुरी आदेशाचा क्रमांक आणि तारीख असलेला. कॉलनीत कुणाकडे ना कुणाकडे त्याची झेरॉक्स असतेच, कारण बँकेने कर्ज देताना ती मागितलेली असते. नसेल तर माहिती अधिकारात अर्ज टाका. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लागते. कर्नाटकच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय घ्यायचा आणि मजकूर साधारण १५० शब्दांत बसवायचा. अर्ज कन्नड किंवा इंग्रजीत द्या. मराठीत कागद मिळावेत ही आपली मागणी जुनी आणि रास्त आहे, तिच्यासाठी भांडायचं तर जरूर भांडा, पण त्या भांडणात मैदानाचा अर्ज अडकवू नका. शेजारच्या कन्नड मास्तरांकडून लिहून घ्या, त्यांचीही नातवंडं तिथेच खेळणार आहेत.

अर्जात मी एवढंच लिहायला सांगतो: ‘मौजे अमुक, सर्व्हे नंबर अमुक येथील मंजूर लेआउटचा नकाशा, मंजुरी आदेश, आणि उद्यान व खुल्या जागा स्थानिक संस्थेच्या ताब्यात दिल्याचा नोंदणीकृत दस्त यांच्या प्रमाणित प्रती द्याव्यात.’ मैदानावर शेड का बांधली, कोणी बांधू दिली, असले प्रश्न त्यात घालू नका. दप्तरात असलेला कागद द्यायला अधिकारी बांधील आहे, तुमच्या ‘का’ची कारणमीमांसा करायला नाही. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील करा. पोचपावती लॅमिनेट करून ठेवा म्हटलं तर लोक हसतात, पण वर्षभराने तोच कागद सगळ्यात आधी गहाळ होतो.

नकाशा हातात आला की प्लॉट बघत बसू नका. कोपऱ्यातला क्षेत्रफळाचा तक्ता वाचा. एकूण क्षेत्र, प्लॉटखाली, रस्त्याखाली, उद्यान आणि खुली जागा, सी.ए. साइट (नागरी सुविधांची जागा), असे रकाने असतात. प्राधिकरणाने स्वतः पाडलेल्या लेआउटमध्ये उद्यानं आणि मैदानांना किमान १५ टक्के आणि नागरी सुविधांना आणखी किमान १० टक्के जागा ठेवायची, असं कायद्यातच आहे. खासगी लेआउटला मंजुरीच्या तारखेला जो नियम होता तो लागू, आणि तो आदेशाच्या अटींमध्ये लिहिलेला असतो. तक्त्यातला आकडा आणि नकाशावरच्या हिरव्या तुकड्यांची बेरीज जुळते का, हे कॅल्क्युलेटर घेऊन बघा. हे करायला इंजिनियर लागत नाही, लांबी गुणिले रुंदी येणारा दहावीचा पोरगाही पुरे.

खरी मेख मात्र टक्केवारीत नाही, आकारात आहे. समजा चार एकरांचा लेआउट आहे आणि दहा टक्के खुली जागा धरली. म्हणजे १६ गुंठे. एक गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, तेव्हा १६ गुंठ्यांचा चौकोन बरोबर १३२ फूट बाय १३२ फुटांचा होतो, म्हणजे बाजू सुमारे ४० मीटर. यात काय बसतं बघा. खो-खोचं मैदान २७ बाय १६ मीटर, भोवती दीड मीटर मोकळं सोडलं तर ३० बाय १९. उरलेल्या पट्ट्यात व्हॉलीबॉलचं १८ बाय ९ चं कोर्ट, चहूबाजूंनी तीन मीटर सोडून २४ बाय १५. त्याच्या शेजारी कबड्डीचं १३ बाय १०. तिन्ही बसून एका बाजूला पाच-सहा मीटरचा पट्टा झाडांना उरतो. आता हेच १६ गुंठे कुणी नाल्याच्या काठाने २० फुटी पट्टी करून दाखवले तर पट्टी ८७० फूट लांब होते. तक्त्यात दहा टक्के पूर्ण, शिक्का बसला, आणि खेळायला जागा शून्य. ‘नाल्याकडची पट्टी हिरवी रंगवा, रस्त्याकडचे प्लॉट मोडायचे नाहीत’ ही सूचना माझ्या टेबलाशी उभं राहून देणारे मालक थोडेथोडके नव्हते. हाय टेन्शनच्या तारांखालची जागा, दोन रस्त्यांच्या बेचक्यातला त्रिकोण, उताराचा शेवटचा तुकडा, ही त्यांची आणखी आवडती ठिकाणं.

म्हणून तुम्ही शेतकरी असाल, जमीन लेआउटला देत असाल किंवा भाऊबंद मिळून प्लॉट पाडत असाल, तर मंजुरीला जायच्या आधी एकच हट्ट धरा: खुली जागा एकसंध हवी, शक्यतो चौकोनी, आणि दोन बाजूंना रस्ता. बाजूला रस्ता असला की घरांच्या खिडक्या मैदानाकडे राहतात, आणि येणाजाणाऱ्यांची नजर असलेल्या जागेवर रातोरात कुंपण घालायला माणूस कचरतो. पूर्ण क्रिकेटची हाव मात्र धरू नका. साठ मीटरची सीमारेषा धरली तरी एकट्या मैदानालाच पावणेतीन एकर लागतात, ते लहान लेआउटच्या आवाक्यातलं नाही. शेजारच्या दोन-तीन लेआउटच्या खुल्या जागा एकमेकींना लागून आल्या तर गोष्ट वेगळी. त्यासाठी मालकांनी आधी एकत्र बसायला हवं, आणि आपल्याकडे बांधावरून कोर्टात गेलेले लोक मैदानासाठी एकत्र बसतील, ही अपेक्षा मी तरी जपूनच करतो.

मोकळ्या जागेची ही ओढाताण आजची नाही. आपण १९५६ पर्यंत मुंबई इलाख्यात, पुढे मुंबई राज्यात होतो, तेव्हा मुंबईचंच उदाहरण घेऊ. ओव्हल, क्रॉस मैदान, आझाद मैदान ही काही पोरांसाठी राखलेली नव्हती. किल्ल्याच्या तोफांना समोर मोकळा पल्ला हवा म्हणून एस्प्लनेड रिकामं ठेवलं होतं. १८६० च्या दशकात तटबंदी पाडली, शहर बाहेर फुटलं आणि त्या मोकळ्या जागेचे तुकडे मैदान म्हणून उरले. तिथे पारशी आणि हिंदू पोरं क्रिकेट खेळत आणि गोऱ्या साहेबांचे पोलोचे घोडे येऊन खेळपट्टीची हिरवळ उखडून टाकत. १८८० च्या दशकात पारशी खेळाडूंनी सह्या गोळा करून सरकारकडे अर्जावर अर्ज केले. एकदा हुकूम त्यांच्या बाजूने झाला, पुन्हा फिरवला गेला, पुन्हा अर्ज. अखेर समुद्राकाठी पारशी, मुस्लिम आणि हिंदू जिमखान्यांना जागा मिळाल्या, पण त्या जातीजमातीप्रमाणे वाटून आणि सभासदांपुरत्या. सर्वांसाठीचं मैदान आखूनच काढायचं, ही गोष्ट दादरला दिसते. १८९६ च्या प्लेगनंतर दोन वर्षांनी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, दादर-माटुंग्याच्या योजना झाल्या आणि १९२५ साली महापालिकेने तिथे माहीम पार्क लोकांसाठी खुलं केलं. दोन वर्षांनी त्याचं शिवाजी पार्क झालं. भोवती घरं उभी राहिली, मधला तुकडा मोकळाच राहिला, कारण तो नकाशात तसा होता.

आपल्याकडे बेळगावात १८१८ ला किल्ला इंग्रजांच्या हाती गेला, मग छावणी आली आणि पलटणींच्या कवायतीसाठी कॅम्पात ऐसपैस जागा राखली गेली. कॅम्पातल्या जागेचा हिशोब आजही वेगळा आहे. तिथली जमीन संरक्षण खात्याची, नोंद जनरल लँड रजिस्टरमध्ये, अर्ज कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे. महापालिकेत खेटे मारून उपयोग नाही.

पुन्हा आपल्या लेआउटकडे येऊ. नकाशात जागा आहे, आकारही बरा आहे, तर आता तिचा मालक कोण ते बघा. मंजुरीच्या अटीप्रमाणे रस्ते आणि खुल्या जागा रिलिंक्विशमेंट डीडने, म्हणजे हक्क सोडल्याच्या दस्ताने, स्थानिक संस्थेला द्याव्या लागतात. ते डीड नोंदलं नसेल तर उताऱ्यावर मूळ मालकाचंच नाव राहतं, आणि वीस वर्षांनी त्याची पोरं वाटणीचा कागद घेऊन मैदानात उभी राहतात. आरटीसीचा (आपल्याकडचा सातबारासारखा उतारा) नववा रकाना कब्जेदाराचा, अकरावा इतर हक्क आणि बोज्यांचा, दोन्ही वाचा. सब-रजिस्ट्रारकडून ईसी (बोजाचा दाखला) काढा, म्हणजे मधल्या काळात कुणी गहाण टाकलंय का ते कळतं. हद्दीचे दगड सापडत नसतील तर सरकारी मोजणी मागवा. दिशांक ॲपवर उभ्या जागेचा सर्व्हे नंबर कळतो, पण तो अंदाजापुरता. दगड रोवायला त्याचा आधार घेऊ नका.

यानंतर मागायची ती यादी. कर्नाटकात उद्यानं, क्रीडांगणं आणि खुल्या जागांच्या जतनासाठी १९८५ चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्यात स्थानिक संस्थेने अशा जागांची यादी करायची आहे. आपलं मैदान सर्व्हे नंबर आणि क्षेत्रफळासह यादीत आहे का, हे लेखी विचारा. नसेल तर घालण्याचा अर्ज द्या. कोणी म्हणालंच की तुम्ही कोण विचारणारे, तर १९९१ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल सांगा. बेंगळुरूच्या सदाशिवनगरात उद्यानासाठी राखलेली जागा खासगी नर्सिंग होमला दिली गेली होती. तिथल्या रहिवाशांनी दावा केला, आणि रहिवाशांना तो हक्क आहे हे मान्य करून कोर्टाने ते वाटप रद्द ठरवलं.

बॉण्डवर, म्हणजे नुसत्या स्टॅम्प पेपरवर, घेतलेल्या प्लॉटच्या वस्तीत यातलं काहीच लागू होत नाही, कारण तिथे मंजूर नकाशाच नाही. तिथे दोनच वाटा. मास्टर प्लॅनची सुधारणा निघाली की नोटिशीतल्या मुदतीत हरकती-सूचना देऊन जवळच्या रिकाम्या जागेवर मैदानाचं आरक्षण मागणं, ही एक. खानापूर, निपाणीकडच्या खेड्यांत दुसरी वाट बरी: गायरान किंवा सरकारी पड जमीन असेल तर ग्रामपंचायतीचा ठराव घेऊन तहसीलदारांमार्फत डीसींकडे (जिल्हाधिकाऱ्यांकडे) जा. कर्नाटक भूमहसूल कायद्याच्या कलम ७१ खाली सार्वजनिक कामासाठी अशी जमीन राखून ठेवता येते. ठरावात नुसतं ‘मैदान’ लिहू नका, सर्व्हे नंबर, गुंठे आणि चतुःसीमा लिहा.

जागा सुटली तरी आपलीच माणसं तिला खातात. आधी एक कट्टा, मग कट्ट्यावर मूर्ती, मग पत्र्याची शेड. किंवा फंड आला म्हणून समुदाय भवन, नाहीतर ओपन जिम आणि मधोमध पेव्हर ब्लॉकचा ट्रॅक. पोरांनी खेळायचं कुठे, तर भिंतीला टेकून. कुणालाही विरोध करताना देवाला नाही म्हणायची पाळी येते, म्हणून पंच मंडळींसमोर मैदानाचा आराखडा आधीच मांडून सह्या घ्या आणि गणपतीचा मंडप कुठल्या कोपऱ्यात, किती दिवस, तेही त्यातच लिहून टाका.

आराखड्यात खेळपट्टी उत्तर-दक्षिण घ्या, नाहीतर संध्याकाळचा सूर्य बॅट्समनच्या डोळ्यांत येतो. झाडं पश्चिमेला लावा, चार वाजल्यापासून सावली मैदानात पडते. करंज, जांभूळ चालेल, गुलमोहर नको, त्याच्या फांद्या वाऱ्यात मोडतात. उतार शंभराला एक पुरे. शहापूर-वडगावच्या काळ्या जमिनीवर मुरूम टाकल्याशिवाय पावसाळ्यानंतर महिनाभर पाय रुततो. आणि भोवतालची गटार मेच्या शेवटी उपसून घ्या. मिरगाचा पाऊस लागला की जेसीबी मैदानात घालायला कुणी तयार होत नाही, आणि झाला तर चाकांच्या चरांत पुढे ऑक्टोबरपर्यंत पाणी साचतं.