काक्षीची प्रत डोळ्यांनी कशी काढायची

मृग नक्षत्रातला तांबडा काक्षी मला फार प्रिय, कारण त्याचं तेज बदलतं. एरवी ०.५ प्रतीच्या (प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचं माप) आसपास असणारा हा तारा फेब्रुवारी २०२० मध्ये १.६ पर्यंत मंदावला होता. हे साध्या डोळ्यांनाही कळत होतं.

फेब्रुवारीत रात्री नऊच्या सुमारास गच्चीवर जा. दिवे बंद करून पंधरा-वीस मिनिटं डोळे अंधाराला सरावू द्या. तुलनेला दोन तारे घ्या: प्रश्वा (०.४) आणि रोहिणी (०.९). प्रतीचा आकडा वाढला की तारा मंद, हे पक्कं ध्यानात ठेवा; ५ प्रतींचा फरक म्हणजे तेजात १०० पट. आता काक्षी तेजाच्या बाबतीत या दोघांच्या मध्ये नेमका कुठे बसतो ते ठरवा. प्रश्वापासून रोहिणीकडे दोन पंचमांश अंतरावर वाटला, तर ०.६ लिहा.

लाल ताऱ्याकडे टक लावू नका, तो उगाच तेजस्वी भासू लागतो. भुर्रकन नजर टाकायची आणि हटवायची. क्षितिजालगतचा तारा तुलनेला नकोच, हवेमुळे तो मंद दिसतो. तारीख, वेळ, आकडा लगेच वहीत टिपा. इतरांचे आकडे त्यानंतरच बघा.