माइल्ड हायब्रिड गाडी गोव्यात वापरताना: बिघाड कुठला, सवय कुठली

माझं घर म्हार्दोळला आणि ऑफिस पणजीत पाटोवर. रोज जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर होतात: बाणस्तारीचा पूल, ओल्ड गोवा, बायपास आणि मग मेरशीचा सिग्नल. नवरा बोटीवर असतो. वर्षातले सहा-सात महिने तो घरी नसतो, त्यामुळे आमची सात सीटांची पेट्रोल गाडी मीच चालवते आणि तिचं दुखलंखुपलंही मीच बघते. गाडी माइल्ड हायब्रिड, मॅन्युअल गिअरची. तिने आता चार पावसाळे काढलेत. पहिल्या दोन महिन्यांत मी तीनदा सर्व्हिस सेंटर गाठलं आणि तिन्ही वेळा गाडी ठणठणीत निघाली. पुढे खराच बिघाड झाला, तेव्हा तो ओळखायला मला दोन आठवडे लागले. अशी गाडी नव्याने घेणाऱ्यांसाठी हे लिहितेय. गाडीच्या सवयी कुठल्या आणि दुखणं कुठलं, एवढं कळलं तरी पुष्कळ हेलपाटे वाचतात.

आधी थोडं यंत्राविषयी. ही गाडी नुसत्या विजेवर एक पाऊलही हलत नाही. साध्या गाडीत जिथे अल्टरनेटर असतो तिथे हिच्यात एक यंत्र बसवलेलं असतं, ते जनरेटरचंही काम करतं आणि मोटरचंही. इंजिनाशी ते रबरी बेल्टने जोडलेलं असतं. सिग्नलला बंद झालेलं इंजिन तेच परत फिरवतं, वेग घेताना इंजिनाला हात देतं आणि ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की वीज तयार करून साठवतं. भारतात हे तंत्र मारुतीने 2015 मध्ये सियाझच्या डिझेल गाडीत आणलं, आता बऱ्याच कंपन्यांच्या गाड्यांत आहे. काही गाड्यांत ते 48 व्होल्टचं असतं. आमच्या गाडीत 12 व्होल्टचं आहे आणि बॅटऱ्या दोन आहेत: बॉनेटखाली नेहमीची, आणि पुढच्या डाव्या सीटखाली लहानशी लिथियम-आयनची. ही सीटखालची बॅटरी लक्षात ठेवा, पुढे तिचंच रामायण आहे.

सकाळी पहिल्यांदा स्टार्ट करताना नेहमीचा स्टार्टर कुर्र करतो. सिग्नलवर क्लच दाबल्यावर मात्र इंजिन बेल्टने फिरतं आणि जवळजवळ आवाजच येत नाही. हे दोन आवाज कानात बसू द्या. सकाळचा कुर्र लांबला, दमल्यासारखा आला तर बॉनेटखालच्या बॅटरीकडे बघायचं. सिग्नलवर निघताना चर्र झालं तर बेल्टकडे. पावसाळ्यातल्या पहिल्या एक-दोन स्टार्टला ओला बेल्ट किंचित ओरडतो, ते चालतं. गाडी तापल्यावरही ओरडत राहिला तर बेल्ट आणि त्याला ताण देणारी पुली दाखवून घ्या. हा बेल्ट तुटला की चार्जिंगच जातं. डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागला तर "घरापर्यंत जाते का बघू" असं अजिबात करू नका. पुष्कळ इंजिनांत इंजिन थंड ठेवणारा पाण्याचा पंपही याच बेल्टवर असतो. बाजूला घ्या आणि फोन करा.

बंद होतं, बंद होत नाही

लोकांच्या दोन तक्रारी असतात. एक, सिग्नलला इंजिन बंद होतं. दुसरी, सिग्नलला इंजिन बंद होत नाही. पहिली मुळात तक्रारच नव्हे. दुसरीत तथ्य आहे का, ते बघावं लागतं.

इंजिन बंद करण्याआधी गाडी बऱ्याच गोष्टी तपासते. इंजिन पुरेसं तापलंय का? माझी गाडी बाणस्तारी येईपर्यंत कधीच बंद होत नाही. बॅटरीत दम आहे का? ड्रायव्हरचा पट्टा लावलाय का, दार आणि बॉनेट नीट लागलंय का? एसीने गाडी पुरेशी थंड केलीय का? ही शेवटची अट गोव्यात सगळ्यांत जास्त आडवी येते. मे महिन्यात दुपारी तीन वाजता मेरशीला इंजिन एकदाही बंद होत नाही, कारण आतला उकाडा गेलेलाच नसतो. समोरच्या काचेवर हवा सोडली असेल तरीही नाही. तेव्हा मे महिन्यातल्या वागण्यावरून काही ठरवू नका. डिसेंबरातल्या गार सकाळी, वीसेक किलोमीटर चालून, एसी बंद असतानाही आठवडाभर इंजिन थांबलं नाही, तर ती खूण आहे. बॉनेटखालची बॅटरी म्हातारी होऊ लागली की सगळ्यांत आधी हेच दिसतं. स्टार्टिंगला त्रास व्हायला अजून महिने असतात.

पावसात उलटी अडचण होते. इंजिन थांबलं की एसीचा कॉम्प्रेसरही थांबतो, नुसता पंखा फिरत राहतो. आत चार माणसं, भिजलेल्या छत्र्या आणि बाहेर मुसळधार. दोन मिनिटांत काचा धुरकटतात. म्हणून जून ते सप्टेंबर मी गाडी काढतानाच ऑटो स्टॉप, म्हणजे इंजिन आपोआप थांबण्याची सोय, बंद करायचं बटण दाबते. दर स्टार्टला ते नव्याने दाबावं लागतं. गाडी कालचं लक्षात ठेवत नाही, हा बिघाड नव्हे.

रायबंदरला चोडणच्या फेरीबोटीच्या रांगेत नवख्या माणसाची हमखास पंचाईत होते. रांग पुढे सरकत नाही. गाडी न्यूट्रलला, इंजिन आपोआप बंद. माणूस पट्टा सोडतो, दार उघडून किती गाड्या पुढे आहेत ते बघतो. तेवढ्यात फेरी लागते, मागून हॉर्न सुरू होतात, हा क्लच दाबतो आणि काहीच होत नाही. पट्टा सुटला किंवा दार उघडलं की माणूस उतरला असं गाडी धरून चालते. काही गाड्यांत इंजिन तेव्हाच परत चालू होतं, काहींत चावी किंवा बटणानेच करावं लागतं. तुमची गाडी काय करते ते घराच्या अंगणात एकदा करून बघा, रांगेत नको. रांग लांब असेल तर मी सरळ चावीनेच इंजिन बंद करते. आणि उतारावरून फेरीत शिरताना ऑटो स्टॉप बंदच ठेवते, तिथे खाऱ्या पाण्याने रॅम्प निसरडा असतो आणि मला इंजिन हाताशी हवं असतं.

घाट

बेळगावला आमचं येणंजाणं असतं, त्यामुळे चोर्ला घाट पाठ आहे. केरीकडे उतरताना पेट्रोल वाचवायला न्यूट्रल टाकणारे अजून भेटतात. या गाडीत तर ते दुप्पट चूक. गिअरमध्ये राहून पाय उचलला की इंजिनही गाडी अडवतं आणि बॅटरीही भरते. न्यूट्रलमध्ये ते काहीच होत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो. मात्र अर्ध्या घाटात बॅटरी भरली की वीज साठवणं थांबतं, आणि इतका वेळ गाडीला जो हलका मागचा ओढा जाणवत होता तो कमी होतो. पहिल्यांदा मी घाबरले होते, वाटलं ब्रेकचं काही झालं. काही झालेलं नसतं. एक गिअर खाली घ्या. चढताना उलट होतं: बॅटरी रिकामी झाली की मोटरचा हात सुटतो आणि गाडी जड लागते. वर सपाटी आली की सावरते.

मायलेजसाठी स्क्रीनवर विसंबू नका. टाकी भरा, किलोमीटर लिहा, पुन्हा काठोकाठ भरा आणि भागाकार करा. माझ्या वहीत पणजीच्या रोजच्या फेरीला सोळा-सतरा पडतात. मार्केटात आणि शाळेत तीन-तीन किलोमीटरच्या खेपा घातल्या त्या आठवड्यात बारा. इतक्या छोट्या खेपेत इंजिन तापतच नाही, मग हायब्रिडचा उपयोग तरी कसा होणार?

बॅटरी

तीन-चारशे रुपयांचा मल्टिमीटर घेऊन ठेवा. रात्रभर उभ्या गाडीच्या बॉनेटखालच्या बॅटरीवर सकाळी 12.6 व्होल्ट दिसले तर ती भरलेली. 12.4 ठीक. 12.2 म्हणजे निम्मीच. इंजिन चालू असताना मात्र आकडा बदलता असतो. साध्या गाडीत तो चौदाच्या आसपास राहतो. या गाडीत कधी चार्ज करायचं ते कॉम्प्युटर ठरवतो, त्यामुळे मध्येच 12.8 दिसू शकतो. एका गॅरेजमध्ये तेवढ्यावरून मला अल्टरनेटर गेला म्हणून सांगितलं होतं. मी गाडी अर्धा तास चालवून पुन्हा मोजायला लावलं, आकडा 14.3 आला. एका मापावर एवढा महागडा भाग बदलायला कधीच तयार होऊ नका.

बॅटरी बदलताना साधी स्वस्त बॅटरी बसवून घेऊ नका. या गाड्यांना ईएफबी किंवा एजीएम जातीची लागते, दिवसातून पन्नास वेळा स्टार्ट सोसणारी. जुन्या बॅटरीवर जी जात लिहिलीय तीच घ्या. जंप स्टार्ट करायची वेळ आली तर बॉनेटखालच्याच बॅटरीवरून करायचं. लाल वायर प्लसला. काळी मात्र मायनसच्या टर्मिनलला नको, इंजिनाच्या उघड्या लोखंडी भागाला लावा, कारण मायनसवर बॅटरीचा सेन्सर बसलेला असतो. बॅटरी काढून लावल्यावर एक-दोन दिवस ऑटो स्टॉप चालत नाही आणि काचा एका टिचकीत वर जात नाहीत. सेन्सरला बॅटरी नव्याने ओळखू द्या. काचा कशा सेट करायच्या ते मॅन्युअलात असतं.

खारी हवा टर्मिनलवर हिरवट-पांढरी पूड आणते. मायनस आधी सोडवून कोमट पाण्यात सोडा घालून ब्रशने घासा, पूर्ण कोरडं करा, वर व्हॅसलिन लावा. चवथीला किंवा मुंबईकडे गेल्यामुळे गाडी पंधरा दिवस उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका, दमट हवेत तो चिकटतो. गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला दगड लावा.

डाव्या सीटखालचं पाणी

गेल्या मे महिन्यात मी मुलांना घेऊन तीन आठवडे पुण्याला बहिणीकडे होते. गाडी शेडमध्ये उभी. जूनमध्ये आले आणि पाऊस सुरू झाला. पहिल्याच रविवारी आम्ही कवळ्याला शांतादुर्गेला निघालो. सासूबाई पुढे डावीकडे बसतात. म्हणाल्या, "बाये, पांयांक उदक लागता गे." मला वाटलं छत्रीचं असेल. पुढचे दोन आठवडे गाडीत कुबट वास यायचा, तोही पावसाळ्याचाच वाटला. मग एका सकाळी स्क्रीनवर हायब्रिड यंत्रणा तपासा असा संदेश आला. त्या दिवशी ना सिग्नलला इंजिन थांबलं, ना चढावर मोटरचा हात मिळाला. बाकी गाडी नीट चालत होती.

संध्याकाळी मॅट उचलून कार्पेटवर हात फिरवला तर वरून नुसतं दमट. मुठीने दाबलं तेव्हा बोटांच्या मधून पाणी वर आलं. कार्पेटच्या खाली जाड फोम असतो, तो स्पंज झाला होता. आणि बॅटरी तिथून वीतभर लांब.

अशा वेळी पाणी आधी बोटांवर घेऊन बघा. नितळ आणि बिनवासाचं असेल तर ते बहुधा एसीचं. बुळबुळीत आणि गोडसर वासाचं असेल तर कूलंट, हीटरकडून गळतंय, गाडी चालवू नका. फक्त पाऊस पडल्यावरच येत असेल तर काचेखालच्या पन्हळीत पानं अडकलीत. आमच्याकडे आंब्याखाली गाडी लावणाऱ्यांचं हे नेहमीचं. मग गाडी कोरड्या जागी उभी करून दहा मिनिटं एसी चालवा आणि खाली वाकून बघा. गोव्याच्या हवेत पुढच्या भागाखाली पाण्याची धार लागायला हवी. माझ्या गाडीखाली एक थेंबही नव्हता.

फोंड्याच्या मेकॅनिकने गाडी वर घेतली. एसीच्या पाण्याची बोटभर रबरी नळी इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यातून खाली येते. त्याने तिच्यात एक मऊ प्लास्टिकची वायर घातली, हळूच फिरवली. आधी मातीचे खडे पडले आणि मग भळाभळा पाणी. "कांयच ना वयनी, नळी बंद जाल्या." कुंभारमाशीने तीन आठवड्यांत नळीच्या तोंडाशी मातीचं घर बांधलं होतं. हे करताना टोकदार तार वापरू नका, आणि कॉम्प्रेसरची जोरदार हवाही नको, नळी आतून निसटते.

बॅटरीला मात्र आम्ही दोघांनी हात लावला नाही. ते काम सर्व्हिस सेंटरचंच. सीट काढल्यावर बॅटरीच्या कनेक्टरच्या दोन पिनांवर हिरवं चढलेलं दिसलं. ते साफ केलं, नोंदलेली चूक कॉम्प्युटरमधून काढली आणि बॅटरी वाचली. आणखी महिना गेला असता तर वाचली नसती, असं तिथल्या माणसाने सांगितलं. कार्पेट उचलून खाली टेबलफॅन दोन दिवस लावून ठेवला. जूनमध्ये उन्हाची वाट बघण्यात अर्थ नव्हता.

तेव्हापासून त्या सीटखाली चपला, छत्री, नारळांची पिशवी काही जात नाही. गाडी धुणाऱ्या पोराला आत पाइप न्यायची बंदी आहे. पणजीत '18 जून' नावाच्या रस्त्यावर पाणी भरलं की मी गाडी मळा भागातच ठेवून चालत जाते. जायचंच झालं तर पाणी चाकाच्या मध्याच्या बरंच खाली हवं, ऑटो स्टॉप बंद आणि पहिल्या गिअरमध्ये न थांबता. पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा स्टार्ट करू नका. आत पाणी ओढलं असेल तर त्या एका स्टार्टने इंजिन जातं.

आणि गाडी आठवडाभराहून जास्त उभी राहिली असेल तर निघण्याआधी दहा मिनिटं अंगणात एसी चालवते आणि खाली वाकून बघते. ताटाएवढी जागा ओली झालेली दिसली की सासूबाईंना हाक मारते. त्या डाव्या सीटवर बसतात, मॅटवर पाय ठेवून एकदा चाचपतात, आणि आम्ही निघतो.