घाटवाटांवरची बौद्ध लेणी: मोटरसायकलवर एकट्याने आठ दिवसांचा प्रवास कसा आखावा

बेडशाचं लेणं पूर्वेकडे बघतं. कार्ले आणि भाजे पश्चिमेकडे. मावळातली ही तिन्ही लेणी मोटरसायकलने एकमेकांपासून फार लांब नाहीत, म्हणून बरेच जण ती एका दिवसात उरकतात, आणि मग एखादं तरी लेणं सावलीत बुडालेलंच पाहावं लागतं. मी पहिल्यांदा बेडशाला गेले तेव्हा दुपारचे चार वाजून गेले होते. खांबांच्या माथ्यावरचे घोडे, हत्ती, बैल नीट दिसलेच नाहीत. पुढच्या हिवाळ्यात सकाळी लवकर गेले. तिथे दर्शनी भागासमोर कातळ तसाच ठेवलेला आहे आणि त्यातल्या चिंचोळ्या बोळातून आत जावं लागतं. त्या कातळावरून आलेलं ऊन आधी वरच्या प्राण्यांवर पडलं, मग घोड्यावर बसलेल्या जोडप्यांच्या अंगावर, आणि मग हळूहळू खांबावरून खाली पायाच्या घटापर्यंत उतरलं. तासभर मी जागची हलले नाही. तेव्हापासून प्रवास आखताना मी आधी लेण्याचं तोंड कुठे आहे ते बघते आणि मग किलोमीटर मोजते.

मोटरसायकलच का, तर ही लेणी मुळात रस्त्यावरचीच आहेत. भिक्खूंनी डोंगर निवडला तो एकांतासाठी हे खरं, पण तो डोंगर व्यापारी वाटेपासून फार दूर नको, हेही तितकंच खरं. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरातून माल बोरघाट, नाणेघाट चढून जुन्नरला, पैठणला, तेरला जायचा. त्याच वाटांवर लेणी आहेत, आणि दानही त्याच वाटेवरच्या लोकांनी दिलं. आपल्याला त्या वाटेने त्याच क्रमाने जायचं आहे. बसने तुकड्या-तुकड्यांत गेलं की घाट कधी चढला ते कळत नाही.

आधी वार मोजा

अजिंठा सोमवारी बंद असतं आणि वेरूळ मंगळवारी. एवढ्या एका गोष्टीवर सगळं वेळापत्रक बसवावं लागतं. म्हणून बुधवारी निघा. बुधवारी भाजे आणि कार्ले, गुरुवारी सकाळी बेडसे आणि संध्याकाळपर्यंत जुन्नर, शुक्रवार अख्खा जुन्नरसाठी, शनिवारी नाशिक, रविवारी वेरूळला मुक्काम, सोमवारी वेरूळ, मंगळवारी पितळखोरे, आणि पुढच्या बुधवारी अजिंठा. शनिवार-रविवारी मावळात गर्दी असते. चैत्रात एकवीरेची यात्रा असते, तेव्हा कार्ल्याच्या पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नसते. आई एकवीरेच्या दर्शनाला यायचं असेल तर जरूर या, पण लेणं पाहायला दुसरा दिवस निवडा.

महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसात सह्याद्री सुंदर दिसतो, पण शेवाळलेल्या पायऱ्या, माळशेजसारख्या घाटात निसटणारे दगड आणि अंगावर येणारं धुकं यांत एकट्याने जाण्यासारखं काही नाही. भिक्खूसुद्धा पावसाळ्यात चालणं थांबवून एका जागी वर्षावास करत. आपणही थांबावं.

गाडी आणि सामान

सव्वाशे-दीडशे सीसीची रोजच्या वापरातली गाडी पुरे. निघण्याच्या आठवडाभर आधी सर्व्हिसिंग करून घ्या, म्हणजे काही ढिलं राहिलं असेल तर घराजवळच कळेल. चेन, ब्रेक शू किंवा पॅड, टायरची नक्षी आणि हेडलाइट स्वतः तपासा. बरोबर क्लच केबल, एक प्लग, ट्यूबलेस पंक्चर किट, हातपंप आणि चेनच्या तेलाची छोटी बाटली ठेवा. चेनला पाचशे किलोमीटरनंतर तेल द्यायचंच.

सामान दहा किलोच्या आत बसवा. पाठीवर जड सॅक घेऊन गाडी चालवली की तिसऱ्या दिवशी खांदे बोलायला लागतात, म्हणून सॅक मागच्या सीटवर आडवी ठेवून घट्ट बांधा. पाठीला लहान पिशवी पुरे: पाणी, टॉर्च, वही, गूळ-शेंगदाणे, कागदपत्रं. टॉर्च विसरू नका. विहारातल्या, म्हणजे भिक्खूंच्या निवासाच्या, खोल्यांमध्ये भरदुपारीही काळोख असतो.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकी चालत नाही आणि समृद्धीवरही नाही. मोबाइलवरचा नकाशा गाडीच्या खुणेऐवजी दुचाकीच्या खुणेवर ठेवा, नाहीतर तो सारखा तिकडेच ढकलतो. मुंबईकरांनी पनवेल-खोपोलीवरून जुन्या रस्त्याने घाट चढावा. वाटेत शिंग्रोबाचं छोटं देऊळ लागतं. घाटाची वाट इंग्रजांना दाखवणारा हा धनगर, आणि वाट दाखवल्यावर त्यालाच मारलं, असं सांगतात. गाडीवाले इथे नाणं ठेवून पुढे जातात. मीही थांबते.

रस्त्यावर सगळ्यात जपायचं ते उसाच्या ट्रॅक्टरपासून. गळीत हंगामात नारायणगाव-संगमनेर पट्ट्यात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर असतात आणि कित्येकांना मागे दिवा नसतो. येवल्याकडे कांद्याच्या गाड्या. सूर्य मावळायच्या आत मुक्कामाला पोचायचं, हा नियम मी आता मोडत नाही.

मावळ: लाकूड शोधा

भाज्यापासून सुरुवात करा. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातलं हे चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेलं प्रार्थनागृह. त्याचे अष्टकोनी खांब आत झुकलेले आहेत, कारण कोरणाऱ्यांच्या डोळ्यासमोर लाकडी इमारत होती. लाकडी खांब छताचा रेटा सोसायला कलते ठेवावे लागतात. कातळाला त्याची काही गरज नाही, तरी ते कलते कोरले. दर्शनी भाग आज सताड उघडा दिसतो, कारण तिथलं लाकूडकाम केव्हाच गेलं. कातळातली त्याची भोकं मात्र आहेत. हात न लावता ती मोजून बघा.

मग चारच्या सुमारास कार्ले. हेल्मेट पायऱ्यांखालच्या हारवाल्या मावशींकडे ठेवता येतं. त्यांच्याकडून फुलं घ्या. आत गेलात की आधी वर बघा. सुमारे १२४ फूट लांब सभागृहाच्या कमानदार छताला सागवानी फासळ्या आहेत, आणि त्या मूळच्या आहेत, जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीच्या. स्तूपावरची छत्रीही लाकडीच. दुपार कलल्यावर पिंपळपानाच्या आकाराच्या कमानीतून ऊन आत येतं आणि स्तूप उजळतो. व्हरांड्यातला शिलालेख सांगतो की वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने जंबुद्वीपातलं हे उत्तम शैलगृह पूर्ण केलं. वैजयंती म्हणजे कर्नाटकातलं बनवासी. तिथला सावकार इथे मावळात दान देतो आणि कामाचं कौतुकही करून ठेवतो, आणि आत उभं राहिलं की त्याचं म्हणणं पटतं.

रात्री कार्ल्यालाच राहा. एमटीडीसीचं निवासस्थान आहे, साधी लॉजही आहेत. दुसऱ्या दिवशी उजाडताच कामशेतवरून बेडसे. तिकीट नाही, दुकानं नाहीत. पाणी गावातून भरून घ्या. शेजारचा विहार अवश्य बघा: त्याचं छत चैत्यगृहासारखं कमानदार आहे आणि मागची बाजू गोलाकार. विहारात असं सहसा दिसत नाही.

जुन्नर: एक शब्द वाचायला शिका

तळेगाव-चाकण-नारायणगाव करत जुन्नरला या. गावाभोवतीच्या डोंगरांत दीडशेहून जास्त कोरीव लेणी आहेत, त्यामुळे सगळं पाहायचा हट्ट सोडा. तुळजा लेणी आणि लेण्याद्री निवडा, आणि दुपारनंतर नाणेघाट.

पण आदल्या रात्री लॉजवर बसून एक काम करा. वहीत ब्राह्मीतली थोडी अक्षरं गिरवा. ‘क’ म्हणजे अधिकचं चिन्ह, ‘न’ म्हणजे उलटा टी, ‘र’ म्हणजे उभी रेघ, ‘ध’ इंग्रजी डीसारखा, ‘म’ म्हणजे गोलावर शिंगं. सातवाहन काळात त्यांना थोडे बाक आले, शेपट्या आल्या, तरी ओळख पटते. मग ‘देयधम’ हा एक शब्द लिहून काढा. देयधर्म, म्हणजे दान. या लेण्यांत तो पुन्हा पुन्हा येतो. लेण्याद्रीच्या सहाव्या लेण्यात, म्हणजे चैत्यगृहात, कल्याणच्या हेरणिकाचा (सोनाराचा) मुलगा सुलसदत याने चैत्यगृह दान दिल्याचा लेख आहे. मी तो शब्द पहिल्यांदा स्वतः वाचला तेव्हा शेजारी गणपतीच्या दर्शनाला आलेल्या एका आजींना हात धरून दाखवला. “काय लिवलंय गं?” म्हणाल्या. दान दिलंय म्हटल्यावर त्यांनी आधी तिथे हात जोडले आणि मग गिरिजात्मजाकडे गेल्या. तो गिरिजात्मज बसलाय तेही मूळचा बौद्ध विहारच आहे.

अक्षर नीट दिसावं म्हणून शिलालेखावर खडू फिरवणं, पाणी मारणं हे कधीही करू नका. टॉर्च बाजूने तिरपी धरा. सावलीने अक्षर आपोआप उठतं.

तुळजा लेण्यातलं चैत्यगृह गोल आहे. मधे स्तूप, भोवती बारा खांब, वर घुमट. अशी रचना दुर्मीळ आहे. एकटे असाल तर तिथे बसा आणि हळू आवाजात काहीतरी म्हणा.

नाणेघाटाला जाण्याआधी जुन्नरमध्ये टाकी भरा. घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे. जकात त्यात टाकत, असं मानतात. जवळच्या गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. त्यात वैदिक यज्ञांची आणि दक्षिणेची यादी आहे. यज्ञ करणाऱ्या राजघराण्याच्या राज्यात, त्याच वाटेवर बौद्ध संघाला दान मिळत होतं; इथे उभं राहून खाली कोकणाकडे बघताना ते सहज समजतं.

नाशिकमध्ये त्रिरश्मी डोंगरावरची २४ लेणी बघायला अर्धा दिवस पुरे. लोक पांडवलेणी म्हणतात, पण पांडवांचा काही संबंध नाही. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीने आपल्या मुलाची, गौतमीपुत्र सातकर्णीची, थोरवी कोरून घेतली आहे: ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यालं असा तो. पायथ्याला बुद्धविहार आहे. इथे आणि सगळ्याच लेण्यांत लोक वंदनेला येतात, पांढऱ्या कपड्यांत, लेकराबाळांसह. बाबासाहेबांच्या धम्मदीक्षेनंतर ही लेणी त्यांच्यासाठी पुन्हा जिवंत झाली. वंदना चालू असताना कॅमेरा खाली ठेवा, स्तूपाला टेकू नका, आणि जमलं तर मागे शांत बसा.

वेरूळ, पितळखोरे, अजिंठा

येवला-वैजापूरवरून वेरूळला पोचायला दिवस जातो. सोमवारी पहिली बारा लेणी सावकाश पाहा, आणि दहावं सगळ्यात शेवटी. त्याला सुतार का झोपडा म्हणतात. मावळात लाकूड बघून आलात म्हणून हे आता कळेल: भाज्याला दर्शनी लाकडाची भोकं राहिली, कार्ल्याला छताचं लाकूडच राहिलं, आणि इथे काही शतकांनंतर छताच्या फासळ्या दगडातच कोरल्या. समोर स्तूपाला टेकून बुद्ध बसलेले आहेत. भाज्याच्या स्तूपावर मूर्ती नव्हती.

मंगळवारी पितळखोरे. कन्नडला पेट्रोल, पाणी, डबा घ्या; पुढे गौताळा अभयारण्याचा भाग आहे. पायऱ्या उतरून दरीत जायचं. हत्तींची रांग कोरलेली आहे, आणि एका लेखात पैठणच्या अत्तरवाल्याच्या कुळातल्या मितदेवाने खांब दिल्याची नोंद. कण्हदास सोनाराने घडवलेला हसरा यक्ष इथलाच. तो आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. कड्यांना आग्या मोहोळं असतात. अत्तर लावू नका, धूर करू नका, ओरडू नका. माश्या उठल्याच तर तोंड झाकून दूर जा, झटापट नको.

इथे दुपारी तीनला परत फिरायचंच. एकदा मी पाच वाजवले, आणि वर आल्यावर थोड्याच अंतरावर मागचं चाक बसलं. किट होतं, पण खिळा टायरच्या कडेला घुसला होता आणि वात बसेना. मोबाइलला रेंज नव्हती. कापूस वेचून घरी निघालेल्या एका मावशी थांबल्या. “एकटीच हायेस? चल, पोरगं बघंल.” त्यांच्या मुलाने दुसऱ्या गाडीवर चाक नेऊन ट्यूब टाकून आणली, तोवर मी त्यांच्या ओट्यावर भाकरी खात होते. तेव्हापासून रोज सकाळी घरी एक निरोप पाठवते: आज कुठलं लेणं, कुठला रस्ता, किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर काय करायचं. एकट्या बाईने तर हे पाळावंच. मुक्काम एसटी स्टँडजवळच्या वर्दळीच्या लॉजमध्ये घ्यावा आणि ११२ नंबर लक्षात ठेवावा.

संध्याकाळी सिल्लोडमार्गे फर्दापूर. अजिंठ्याला गाडी फाट्यावरच्या वाहनतळावर लावून पुढे बसने जावं लागतं. जॅकेट आणि जड बूट सामानाबरोबर ठेवा. आत जाताना चपला पुन्हा पुन्हा काढाव्या लागतात. फ्लॅश चालत नाही. चित्रांसमोर गेल्यावर लगेच काही दिसत नाही. डोळे काळोखाला सरावेपर्यंत पाच मिनिटं थांबा, मग बोधिसत्त्व पद्मपाणीचा चेहरा उमटतो.

परतीला अंगात जोर असेल तर छत्रपती संभाजीनगरला मुक्काम करून अहिल्यानगरवरून पुणे. नसेल तर जळगाव साठ किलोमीटरवर आहे. तिथून गाडी रेल्वेच्या पार्सलने पाठवता येते. आरसी आणि ओळखपत्राच्या प्रती जवळ ठेवा, टाकी पूर्ण रिकामी करा, आणि गाडी गोणपाटात बांधून घ्यायला वेळ लागतो म्हणून दोन-तीन तास आधी पोचा.